गिर्यारोहण सल्ला : मेरा शिखर किती दिवसांत?

प्रश्न : मी 44 वर्षांची शिक्षिका असून अनेक वर्षे सह्याद्रीत नियमित भटकते. अलंग-मदन-कुलंग झाले आहे, हिमालयात अन्नपूर्णा बेस कॅम्पपर्यंत जाऊन आले आहे. वय उलटल्यामुळे गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला मात्र प्रवेश मिळाला नाही. एका आयोजकाने नेपाळमधील मेरा शिखराची (6,476 मीटर) मोहीम लुक्ला (विमान उतरते ते गाव) ते लुक्ला 12 दिवसांत जाहीर केली असून ‘पूर्वानुभवाची आवश्यकता नाही’ असे माहितीपत्रकात छापले आहे. दुसरा आयोजक त्याच शिखरासाठी 16 दिवस आणि बरेच जास्त पैसे घेतो. अनुभवी शेर्पा मार्गदर्शक दोघांकडेही आहेत. मग चार दिवसांसाठी जास्त खर्च का करावा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, या मोहिमेत पैसे मोजून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते चार दिवसच आहेत. मार्गदर्शक तुमच्यासाठी वाट काढील, दोर लावील, बर्फाखाली दडलेली भेग ओळखील. पण विरळ हवेशी जुळवून घेण्याचे काम तुमच्या शरीरालाच करावे लागते आणि त्याला कोणीही घाई करू शकत नाही. सुमारे 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि मेराच्या माथ्यावर तो त्याहूनही कमी असतो. श्वासाची गती वाढणे, त्यामुळे बिघडलेला रक्तातील आम्ल-अल्काचा तोल मूत्रपिंडांनी सावरणे आणि तांबड्या पेशींची संख्या वाढणे या क्रियांपैकी पहिली लगेच सुरू होते, दुसरीला काही दिवस लागतात आणि तिसरीला काही आठवडे.

म्हणून दोन्ही कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून प्रत्येक तारखेपुढे त्या रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहून काढा. 3,000 मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम असावा, हा वैद्यकीय तज्ज्ञांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेला दंडक आहे. छोट्या कार्यक्रमांत लुक्ल्याहून (सुमारे 2,850 मीटर) निघून दोन-तीन दिवसांतच झत्रवा ला ही 4,600 मीटरची खिंड ओलांडावी लागते, आणि माझ्या मते या मोहिमेतील पहिली चूक तिथेच होते, कारण तिथे सुरू झालेली डोकेदुखी पुढे खारे या वस्तीपर्यंत (सुमारे 5,000 मीटर) पाठ सोडत नाही. लांबचा मार्ग दक्षिणेकडून, पांगोमच्या बाजूने, जंगलातून हिंकू खोऱ्यात उतरतो. त्यात चढउतार कंटाळवाणे आहेत, पण मुक्काम खालच्या उंचीवर राहतात. तुमच्या दुसऱ्या आयोजकाचे जास्तीचे दिवस या मार्गावर आणि खारे येथील विश्रांतीवर खर्च होत असतील तर पैसे सत्कारणी लागले असे समजा; काठमांडूच्या हॉटेलात खर्च होत असतील तर मात्र नाही.

आता पूर्वानुभवाविषयी. मेरा हे नेपाळ पर्वतारोहण संघटनेच्या परवान्याने चढता येणारे शिखर आहे आणि त्याच्या नेहमीच्या वाटेवर कठीण चढाई फारशी नाही, हे खरे. परंतु मेरा ला या खिंडीच्या आसपास बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे) चढवल्यापासून सगळी चाल हिमनदीवर होते. तिचा उतार सौम्य दिसतो, म्हणूनच लोक दोर बांधायला आळस करतात. आणि ताज्या हिमाने झाकलेल्या भेगा नेमक्या अशाच सपाट वाटणाऱ्या जागी असतात. तीन-चार जणांनी दहा-बारा मीटर अंतर ठेवून एकाच दोरावर चालणे आणि मधला दोर सैल पडू न देणे, एवढी शिस्त तरी प्रत्येकाला आधीपासून अंगवळणी असली पाहिजे. शिखराच्या शेवटच्या घुमटावर थोडा तीव्र चढ असून तिथे सहसा स्थिर दोर लावतात व जुमारने (दोरावर फक्त वर सरकणाऱ्या पकडीने) चढावे लागते.

सह्याद्रीने तुम्हाला दृष्टिभयावर (खोल दरी पाहून वाटणाऱ्या भीतीवर) ताबा, जुमार आणि रॅपलिंग (दोरावरून उतरणे) दिले असेल, तर ती शिदोरी मोठी आहे. मदनच्या कातळावर दोर हाताळलेल्या व्यक्तीला पूर्वानुभव नाही असे मी म्हणणार नाही. मात्र जाड हातमोजे घालून कॅराबिनर (दोर अडकवण्याची कडी) उघडणे, मोठ्या हिमबुटांत क्रॅम्पॉन एकमेकांत अडकू न देता चालणे आणि घसरल्यावर आइस-अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणे या गोष्टी बेसॉल्टवर शिकता येत नाहीत (हातमोज्यांचा सराव मात्र घरच्या खिडकीच्या गजावरही होतो). खारे येथे यासाठी पूर्ण दिवसाचे प्रशिक्षण आहे का, ते लेखी विचारा. काही ठिकाणी ते तासाभरात उरकले जाते.

आणखी दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका. शिखराच्या दिवशी किती सदस्यांमागे एक गिर्यारोहण मार्गदर्शक असेल? दोघांमागे एक उत्तम, तिघांमागे एक चालेल. त्याहून जास्त सदस्य असतील तर एकाला उतरवायची वेळ आली की बाकीच्यांची चढाई थांबते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, आजारी सदस्याला एकटे बसवून ठेवले जाते. दुसरा प्रश्न परतीच्या वेळेचा. सुमारे 5,800 मीटरवरील हाय कॅम्पवरून मध्यरात्रीनंतर निघतात, कारण पहाटे हिम घट्ट असते. दिवस चढला की ते मऊ होते, भेगांवरचे हिमाचे पूल कमकुवत होतात आणि वाराही वाढतो. म्हणून ‘इतके वाजता जिथे असू तिथून मागे’ ही वेळ आदल्या संध्याकाळी सर्वांसमक्ष ठरली पाहिजे आणि ती पाळण्याचा अंतिम अधिकार मार्गदर्शकाकडे असला पाहिजे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. माहितीपत्रकातील 6,476 मीटर ही उत्तर शिखराची उंची आहे. बहुतेक मोहिमा 6,461 मीटरच्या मध्य शिखरावर जातात, जिथे ब्रिटिश गिर्यारोहक जिमी रॉबर्ट्स आणि शेर्पा सेन तेन्झिंग 20 मे 1953 रोजी, म्हणजे एव्हरेस्टवरील पहिल्या यशाच्या नऊ दिवस आधी पोहोचले होते. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू आणि कांचनजंगा हवा स्वच्छ असेल तर तिथूनही दिसतात. पंधरा मीटरांसाठी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : काठमांडूपासूनच डायमॉक्स सुरू केल्यास उंचीचा त्रास टळतो का? रोज ऑक्सिमीटर पाहणे पुरेसे आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसेटाझोलामाइड, शरीराच्या जुळवून घेण्याच्या क्रियेला गती देते, पण घाईच्या कार्यक्रमाची भरपाई करत नाही. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. तरीही सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार किंवा इतर औषधे असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम असून त्यांना घाबरण्याचे कारण नाही. ऑक्सिमीटर थंड बोटांवर चुकीचा आकडा दाखवतो, त्यामुळे त्यापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवावा. सरळ रेषेत टाचेपुढे टाच ठेवून चालता येत नसेल, वागण्यात गोंधळ दिसत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी तत्काळ खाली उतरवावे. प्राणवायू आणि डेक्सामेथासोन (मेंदूची सूज कमी करणारे औषध) यांनी केवळ उतरण्यापुरता अवधी मिळतो.

प्रश्न : विमा आणि लुक्ल्याच्या विमानांबाबत काय काळजी घ्यावी? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुतेक साध्या प्रवास विम्यांत दोर व क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई वगळलेली असते, म्हणून 6,500 मीटरपर्यंतचे गिर्यारोहण आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्हींचा पॉलिसीत स्पष्ट उल्लेख हवा. गर्दीच्या हंगामात लुक्ल्याची विमाने बऱ्याचदा काठमांडूऐवजी चार-पाच तासांच्या अंतरावरील मंथली येथून सुटतात आणि ढग आले की रद्द होतात, त्यामुळे परतीच्या तिकिटापूर्वी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, मात्र विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राची मूळ प्रत सोबत असावी. प्रौढांचे आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. पोर्टर आणि मार्गदर्शक यांचा विमा आयोजकाने उतरवला आहे का, हेही पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.