ओव्हरटाइमचा तक्ताही जपावा लागतो

प्रश्न : मी एका तयार कपड्यांच्या कंपनीत एच.आर. अ‍ॅडमिनचं काम करते. आता संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीकडून त्याच पदाची ऑफर आली आहे. भरती, हजेरी, रजा, पगार. काम तर तेच दिसतंय. तरी मुलाखतीत ‘गोपनीयता’ हा शब्द सारखा येत होता. क्षेपणास्त्रांचे आराखडे माझ्या टेबलावर थोडेच येणार आहेत?

उत्तर : आराखडे येणार नाहीत, हे खरं. पण जे येईल तेही नाजूकच असेल. मी बरीच वर्षं हेच काम करते आहे, म्हणून अगदी रोजच्या कागदापासून सांगते. समजा, एका चाचणी विभागाचा ओव्हरटाइम या महिन्यात एकदम वाढला. त्याच विभागातल्या काही जणांच्या मंजूर झालेल्या रजा रद्द झाल्या. आणि त्यांच्यापैकीच चौघांचा दौऱ्याचा अ‍ॅडव्हान्स निघाला. एकेक कागद पाहिलात तर त्यात काही नाही. तिन्ही शेजारी ठेवले की चाचणी कधी आहे, कुठे आहे आणि तिला कोण जाणार आहे, हे कुणालाही ताडता येईल. आणि हे तिन्ही कागद एकत्र येतात ते फक्त आपल्याकडे. त्यामुळे असा तक्ता प्रिंटरवर पडून राहता कामा नये, आणि ज्याला कामासाठी लागतो त्याच्यापलीकडे कुणाला, अगदी वरिष्ठ असला तरी, देऊ नये. सुरुवातीला हे अवघड जातं. शेजारच्या सहकारी मैत्रिणीने सहज विचारलं तरी विषय बदलावा लागतो.

भरतीची जाहिरात हा दुसरा मोठा फरक. तुमच्या आत्ताच्या नोकरीत जाहिरात जितकी तपशीलवार, तितके योग्य उमेदवार येतात. इथे विभागप्रमुख मोठ्या उत्साहाने यंत्रणेचं नाव, सुटे भाग, वापरतो ती सॉफ्टवेअर, सगळं लिहून पाठवतात. त्यातलं काय गाळायचं हे सुरक्षा अधिकाऱ्याला विचारूनच जाहिरात सोडायची. २०२० मध्ये सायबर सुरक्षा संशोधकांनी एक प्रकरण उघड केलं होतं. उत्तर कोरियाशी जोडला जाणारा ‘लाझारस’ हा गट नामांकित संरक्षण कंपन्यांचे भरती अधिकारी असल्याचं भासवून लिंक्डइनवर लोकांना उत्तम पगाराच्या ऑफरी पाठवत होता. ऑफरची फाइल उघडली की संगणकात हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरायचं. सोंग घेतलं होतं ते आपल्याच खुर्चीचं! तेव्हापासून मी प्रत्येक उमेदवाराला पहिल्याच फोनवर आमचा ईमेल कुठल्या पत्त्यावरून येईल ते सांगते.

आणि पर्सनल फाइली. अमेरिकन सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून झालेली चोरी २०१५ मध्ये उघड झाली. त्यात २ कोटी १५ लाख लोकांची पार्श्वभूमी तपासणीची माहिती गेली. घरची माणसं, कर्जं, परदेशातले नातेवाईक, असं सगळं त्या फॉर्ममध्ये होतं. ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसेही गेले. कपाटाला कुलूप आहे ना, एवढ्यावर समाधान मानू नका. किल्ली कोणाकडे असते आणि फाइल कोणी, कधी नेली याची नोंद होते का, हे रुजू झाल्या झाल्या पाहा.

नोकरी सोडणाऱ्याचा गेटपास बंद करायला कोणी विसरत नाही, त्याला नो-ड्यूजचा फॉर्म असतो. बदली होते तेव्हा मात्र जुन्या विभागाचं दार आणि संगणकावरची फोल्डरं तशीच उघडी राहतात. बदलीच्या ऑर्डरची प्रत त्याच दिवशी सिक्युरिटीला आणि आयटीला गेलीच पाहिजे.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून वाटतं, ती अनुभवपत्राची. उमेदीची सगळी वर्षं एखाद्या यंत्रणेवर घालवलेला अभियंता नोकरी सोडतो, आणि त्याच्या पत्रात ‘सदर विभागात कार्यरत होते’ एवढंच येतं. गोपनीयतेच्या नावाखाली हा त्याच्यावर अन्याय आहे. प्रकल्पाचं नाव, ग्राहक, मारक पल्ला हे नाहीच लिहायचं. पण त्याने कंपन-चाचण्या घेतल्या, विमान आणि संरक्षण उद्योगाच्या ‘ए.एस. ९१००’ या मानकाप्रमाणे गुणवत्ता तपासणी सांभाळली, नवख्यांना शिकवलं, हे बहुतेक वेळा लिहिता येतं. मजकूर प्रकल्प संपतानाच विभागप्रमुख आणि सुरक्षा अधिकाऱ्याकडून मंजूर करून फाइलला लावून ठेवा. राजीनामा येईपर्यंत थांबलात तर ते काम पाहिलेला प्रमुख तिथे असेलच असं नाही, आणि नवा प्रमुख सही करायला कचरतो. कितीही घाई असली तरी मी हे काम दुसऱ्यावर ढकलत नाही.

ऑफर घ्या, असंच मी म्हणेन. मात्र घरी काय सांगता येईल, हे रुजू होण्याआधी एच.आर. प्रमुखांना स्पष्ट विचारून घ्या.

प्रश्न : अशाच एका कंपनीत माझी निवड झाली आहे. पडताळणीच्या फॉर्ममध्ये मागच्या नोकरीनंतरची दोन वर्षांची गॅप आणि वडिलांच्या आजारपणासाठी काढलेलं कर्ज लिहू का? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : दोन्ही लिहा. हप्ते वेळेवर जात असतील तर कर्जामुळे सहसा काही अडत नाही. लपवलेलं कर्ज मात्र उद्या कुणीतरी तुमच्याविरुद्ध वापरू शकतं, आणि तपासणारे नेमकं तेच शोधत असतात. गॅपमध्ये वडिलांची शुश्रूषा करत असाल, तर तसंच लिहा आणि हॉस्पिटलची कागदपत्रं जोडा. तारखा नीट जुळवा : रिलीव्हिंग लेटरवरची तारीख आणि फॉर्ममधली तारीख यांत महिनाभराचा फरक निघाला, तर माझ्यासारखीला फोन करून खुलासा मागावाच लागतो. मागचे राहते पत्तेही विचारतात. अमेरिकेतल्या अशा फॉर्ममध्ये दहा वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या द्याव्या लागतात. जुन्या घरमालकांचे नंबर आजच शोधून ठेवा.