पैसे भरण्यापूर्वी अटींचा कागद मागा : व्हिडिओ कॅमेऱ्याची वाढीव वॉरंटी

प्रश्न : महिन्याभरापूर्वी मी व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला. त्यावर उत्पादकाची एक वर्षाची वॉरंटी आहे. विक्रेता आता तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घेण्याचा आग्रह करतो आहे. तिचे शुल्क कॅमेऱ्याच्या किमतीच्या सुमारे एक पंचमांश असून, खरेदीपासून ६० दिवसांत ती घेतली नाही तर नंतर मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. “पडला, भिजला, काहीही झाले तरी दुरुस्ती आमच्याकडे,” असे तो फोनवर म्हणाला. अटींचा कागद मात्र पैसे भरल्यानंतर ईमेलने येईल. मी नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी मानधन घेऊन समारंभांचे व नृत्याच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण करते. आधीच्या कॅमेऱ्यावरही मी वाढीव वॉरंटी घेतली होती. तो १४ महिन्यांपूर्वी बंद पडला, तेव्हा ‘आत ओलावा गेला’ एवढेच कारण देऊन माझा दावा नाकारण्यात आला. या वेळी पैसे भरावेत का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून माझा सल्ला असा आहे की, आज आणि या स्वरूपात पैसे भरू नयेत. वाढीव वॉरंटी नेहमीच निरुपयोगी असते असे माझे मत नाही. परंतु ज्या कराराच्या अटी वाचायला मिळालेल्या नाहीत आणि ज्यात आपले मानधनाचे काम बसते की नाही हेच ठाऊक नाही, त्या करारासाठी कॅमेऱ्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा देणे योग्य नाही. विक्रेत्याने सांगितलेल्या ६० दिवसांपैकी अजून सुमारे ३० दिवस शिल्लक आहेत आणि खालील गोष्टी तपासून पाहण्यास ते पुरेसे आहेत.

वाढीव वॉरंटीचे मोल ठरवताना प्रथम हे पाहावे लागते की, ती न घेताही आपल्या हाती काय आहे. उत्पादकाची एक वर्षाची वॉरंटी आहेच. पण तिच्याखेरीज विक्रेत्यावर कायद्याने येणारी जबाबदारीही असते आणि ग्राहकाला तिची आठवण सहसा कोणी करून देत नाही. कॅमेरा कोणत्या देशात घेतला याचा उल्लेख आपल्या पत्रात नसल्याने काही देशांची स्थिती सांगतो. युरोपीय संघात २०१९ च्या निर्देशानुसार मालातील दोषाबद्दल विक्रेता किमान दोन वर्षे जबाबदार असतो, आणि पहिल्या वर्षात उघड झालेला दोष माल हाती येतानाच होता असे गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये ग्राहक हक्क कायदा, २०१५ प्रमाणे सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करता येते, आणि पहिल्या सहा महिन्यांतील दोषाबाबत तो मुळात नव्हता हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असतो. ऑस्ट्रेलियात २०११ पासून लागू असलेल्या ग्राहक कायद्यानुसार वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे, आणि हा हक्क कोणत्याही कराराने काढून घेता येत नाही. भारतात मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये मालाच्या गुणवत्तेविषयीच्या गर्भित शर्ती, म्हणजे करारात न लिहिताही कायद्याने धरल्या जाणाऱ्या शर्ती, आहेत, आणि सदोष वस्तूबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. यावरून लक्षात येईल की, काही देशांत तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचा बराचसा भाग म्हणजे कायद्याने आधीच मिळालेले संरक्षण पुन्हा पैसे देऊन घेणे होय.

ही तीन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजली जातात, हेही विचारून घ्या. ती खरेदीच्या तारखेपासून धरली असतील तर पहिले वर्ष उत्पादकाच्या वॉरंटीतच जाते आणि आपण प्रत्यक्षात दोन वर्षांसाठी पैसे देता.

आता आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. आपण मानधन घेऊन चित्रीकरण करता हे वाक्य पत्रात ओघाने आले आहे. माझ्या दृष्टीने मात्र सगळे प्रकरण त्या एका वाक्यावर उभे आहे. घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या वाढीव वॉरंटीच्या अटींमध्ये ‘व्यावसायिक वापर’, ‘भाड्याने देणे’ किंवा ‘उत्पन्नासाठी केलेला वापर’ हा अपवाद वारंवार आढळतो. तसा अपवाद असेल, तर समारंभाच्या चित्रीकरणादरम्यान बंद पडलेल्या कॅमेऱ्याचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि कलमाची भाषा व्यापक असेल तर घरी बंद पडलेल्या कॅमेऱ्याबाबतही तोच आक्षेप घेतला जाऊ शकतो. दावा करताना मानधनाची बाब लपवण्याचा विचार कृपया मनात आणू नका. खोट्या माहितीवर केलेला दावा संपूर्ण करार रद्द होण्यास कारण ठरू शकतो.

येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत मी अनेकदा पाहिली आहे. कायद्याच्या दृष्टीने आपण ‘ग्राहक’ आहात का, हा एक प्रश्न. आणि करारात आपला वापर वगळलेला आहे का, हा दुसरा. भारतीय कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहक ठरत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू या अपवादात मोडत नाही, आणि १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचे विवेचन केले आहे. आपली मुख्य उपजीविका नोकरीवर असल्याने विरुद्ध पक्ष हा मुद्दा नक्की उपस्थित करील, आणि कॅमेरा प्रामुख्याने स्वतःच्या वापरासाठी घेतल्याचे आपल्याला दाखवावे लागेल. ब्रिटनच्या कायद्यातही व्यवहार संपूर्णपणे किंवा मुख्यतः व्यवसायाबाहेरच्या हेतूसाठी असावा लागतो. परंतु समजा, आपण ग्राहक आहात हे आयोगाने वा न्यायालयाने मान्य केले, तरी तेवढ्याने करारातील अपवाद पुसला जात नाही. ते कलम अन्याय्य आहे, किंवा ते आपल्यापासून दडवून ठेवले होते, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते. म्हणून मानधनाच्या कामाला संरक्षण असल्याचा लेखी होकार हवा, आणि तो पैसे भरण्यापूर्वी हवा.

फोनवरच्या आश्वासनाविषयी आपण लिहिले आहे. करार लेखी झाला की, त्यातील अटींच्या विरुद्ध जाणारे तोंडी बोलणे पुराव्यात घेण्यावर सर्वसाधारणपणे मर्यादा येतात. मात्र फसवणुकीच्या किंवा खोट्या निवेदनाच्या आधारे कराराला आव्हान द्यायचे असेल तर ते बोलणे पुढे आणता येते. शिवाय भारताच्या २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या करताना तोंडी विधानांचाही समावेश केलेला आहे, त्यामुळे विक्रेत्याचे शब्द कायद्याच्या दृष्टीने अगदीच निरर्थक नाहीत. अडचण असते ती पुराव्याची. दोन वर्षांनंतर तो विक्रेता तेथे नोकरीला नसेल, आणि असला तरी ‘मी असे म्हणालोच नाही’ असे सांगेल.

‘पडला, भिजला, काहीही झाले तरी’ हे शब्द मला विशेष खटकले. साध्या वाढीव वॉरंटीत यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक बिघाडच तेवढा येतो. पडणे, आदळणे, पाणी व वाळू आत जाणे हे अपघाती नुकसान आहे आणि त्यासाठी निराळे संरक्षण घ्यावे लागते. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या बाबतीत हा भेद फार जवळून लागू होतो. झूम व फोकस हलवणाऱ्या लहान मोटारी, प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा, बाहेर उघडणाऱ्या पडद्याच्या बिजागरीतून जाणारी पातळ लवचीक केबल, मेमरी कार्डाची खाच, एचडीएमआयची जोडणी, हे सगळे बिघडू शकणारे भाग आहेत. यांतील एखादा भाग आपोआप निकामी झाला की वापरताना ताण बसून तुटला, यावर वाद होतो. बिजागरीची केबल आणि जोडण्यांच्या खाचा यांबाबत तर हमखास होतो. बॅटरी ही झिजणारी वस्तू म्हणून बहुधा वगळलेली असते. कार्डावरील चित्रीकरण गेले तर त्याची भरपाई जवळपास कोणीच देत नाही, आणि आपल्या कामात खरे नुकसान तेच असते.

करार कोण करतो आहे, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. वॉरंटी उत्पादकाची, विक्रेत्याची, एखाद्या तिसऱ्या सेवा कंपनीची किंवा विमा कंपनीची असू शकते. पावती विक्रेत्याची असली तरी जबाबदारी तिसऱ्याच कंपनीची असू शकते, आणि ती कंपनी बंद पडली तर आपले पैसे व हक्क दोन्ही अडकतात. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने वॉरंटी आणि स्वतंत्र किंमत देऊन घेतलेला सेवाकरार यांत स्पष्ट फरक केला आहे. शिवाय विक्रीपासून ९० दिवसांच्या आत ज्या विक्रेत्याने स्वतः असा सेवाकरार केला, त्याला गर्भित हमी नाकारता येत नाही. म्हणजे तेथे करारावर नाव कोणाचे आहे यावर ग्राहकाचा एक जादा हक्क अवलंबून राहतो.

यासाठी विक्रेत्याला ईमेलने पुढील मजकूर पाठवावा, असे सुचवतो :

“आपण दिनांक … रोजी फोनवर सांगितलेल्या वाढीव वॉरंटीच्या संपूर्ण अटी मला पैसे भरण्यापूर्वी हव्या आहेत. मी या कॅमेऱ्याने अधूनमधून मानधन घेऊन चित्रीकरण करते. या वापरादरम्यान झालेला बिघाड वॉरंटीत येतो का? पडल्याने किंवा भिजल्याने झालेले नुकसान आपण म्हणालात त्याप्रमाणे येते का, आणि ते कोणत्या कलमानुसार? वॉरंटीची मुदत कोणत्या तारखेस सुरू होते व संपते? जबाबदार कंपनीचे नाव काय? भरपाईच्या रकमेवर मर्यादा आहे का, दरवर्षी घसारा वजा होतो का, आणि एकदा कॅमेरा बदलून दिल्यावर करार संपतो का? घेतल्यानंतर मी तो किती दिवसांत रद्द करून पूर्ण रक्कम परत मिळवू शकते?”

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे बारकाईने वाचा. घसारा, म्हणजे वस्तूच्या वयानुसार घटणारी किंमत, वजा होत असेल तर तिसऱ्या वर्षी मिळणारी कमाल भरपाई आणि आपण भरलेले शुल्क यांतले अंतर फारच थोडे उरू शकते. रद्द करण्याच्या हक्काबाबत ब्रिटनची स्थिती ग्राहकाला अनुकूल आहे : घरगुती विद्युत उपकरणांच्या वाढीव वॉरंटीविषयीच्या २००५ च्या आदेशाप्रमाणे दुकानात सांगितलेली किंमत ३० दिवस कायम ठेवावी लागते, आणि एक वर्षापेक्षा अधिक मुदतीची वॉरंटी घेतल्यावर दावा केलेला नसेल तर ४५ दिवसांत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतात. घाईने घेतलेल्या निर्णयापासून ग्राहकाला वाचवणारी ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. असा नियम लागू नसेल तेथे हा हक्क करारातच लिहून घ्यावा लागतो.

या ईमेलला उत्तर आले नाही, किंवा ‘अटी नंतर कळवू’ असेच उत्तर आले, तर वॉरंटी घेऊ नका. उत्तरात मानधनाच्या कामाला आणि अपघाती नुकसानाला स्पष्ट होकार असेल, मुदत उत्पादकाच्या वॉरंटीनंतर सुरू होत असेल, आणि भरपाई घसारा न धरता मिळत असेल, तर मात्र एक पंचमांश शुल्क मला गैरवाजवी वाटणार नाही. कारण समारंभांच्या गर्दीत, अंधारात आणि घाईत वापरला जाणारा कॅमेरा घरी कपाटात राहणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असतो. तथापि इतका चांगला करार या मार्गाने मिळेल अशी मला फारशी आशा नाही. आपल्या गरजेला उपकरणांचा सर्वजोखीम विमा अधिक जवळचा आहे, कारण त्यात व्यावसायिक वापर सांगूनच विमा उतरवता येतो, आणि करारानुसार पडणे व चोरी यांनाही संरक्षण घेता येते. झीज आणि अंतर्गत बिघाड मात्र अशा विम्यात बहुधा वगळलेले असतात, म्हणून तेथेही अपवादांचे पान आधी वाचा. आपण कॅमेऱ्याचे पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर कार्डाच्या अटीही पाहा. काही कार्डे उत्पादकाच्या वॉरंटीची मुदत वाढवून देतात.

राहिला आधीच्या कॅमेऱ्याचा दावा, आणि तो आपण सोडून दिलेला दिसतो याचे मला वाईट वाटले. ‘आत ओलावा गेला’ हे निव्वळ विधान आहे. अपवादाचा आधार घेऊन दावा नाकारणाऱ्याने तो अपवाद लागू होतो हे दाखवावे, असे तत्त्व विम्याच्या दाव्यांत रुळलेले आहे आणि येथेही तेच मांडता येईल. त्यामुळे तंत्रज्ञाचा लेखी तपासणी अहवाल, आतील भागांची छायाचित्रे, आणि ज्या कलमाखाली दावा नाकारला त्याची प्रत, या तिन्हींची लेखी मागणी आपण करू शकता. कॅमेरा अजून आपल्याकडे असेल तर तो उघडू नका आणि दुसऱ्या कोणाकडून दुरुस्तही करून घेऊ नका. तोच आपला मुख्य पुरावा आहे. एखाद्या स्वतंत्र तंत्रज्ञाकडून छायाचित्रांसह अहवाल घ्यायचा असेल, तर तशी सूचना आधी विरुद्ध पक्षाला लेखी द्या. त्या करारातही व्यावसायिक वापराचे कलम होते का, हे पाहून घ्या. मात्र नकार त्या कारणाने दिलेला नव्हता, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे.

मुदतीकडे लक्ष असू द्या. भारतात ग्राहक आयोगाकडील तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, त्यामुळे नकार १४ महिन्यांपूर्वीचा असेल तर आपल्याकडे अजून दहा महिने आहेत, आणि नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये करारभंगाच्या दाव्यासाठी सहा वर्षे आणि स्कॉटलंडमध्ये पाच वर्षे मिळतात. नकाराचे मूळ पत्र किंवा ईमेल, त्यावरील तारीख, वॉरंटीची पावती आणि कॅमेऱ्याचा सिरियल नंबर एवढे घेऊन आपल्या भागातील वकिलांना याच महिन्यात भेटा.