राजीनामा लिहिण्याआधी: लवकर निवृत्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

या विषयावर पूर्वी लिहून झालंय. पण 'वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी' हाच एक अर्धवट ऐकलेला आकडा घेऊन इतकी पत्रं येताहेत, की एकेकाला कळवण्यापेक्षा इथेच उत्तर दिलेलं बरं.

प्रश्न: गृहकर्जाचे सहा वर्षांचे हप्ते बाकी आहेत. तरी ४८व्या वर्षी थांबता येईल का?

आधी कर्ज संपवा, मग विचारा.

प्रश्न: वय ४४. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी जमली आहे. एवढी जमली की नोकरी सोडायला हरकत नाही, असं एका व्हिडिओत ऐकलं. सोडू का?

नको. निदान या एका आकड्याच्या भरवशावर तरी नको.

हा आकडा आला कुठून? विल्यम बेंगन या अमेरिकी नियोजकाने १९९४ साली अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांचे १९२६ पासूनचे परतावे तपासले. पहिल्या वर्षी पुंजीतून ४ टक्के काढायचे, पुढे दर वर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची, तर पैसे ३० वर्षं पुरतील का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यातही निम्मे ते पाऊण पैसे शेअरमध्ये असावेत, असं त्यांचं म्हणणं. १००ला ४ने भागलं की २५ येतात, म्हणजे खर्चाच्या २५ पट पुंजी. व्हिडिओवाल्यांनी २५ तेवढे उचलले. ३० वर्षं आणि अमेरिका वाटेत सांडली. तुम्ही ४४ला थांबलात आणि नव्वदी गाठलीत, तर ती ४६ वर्षं होतात. बेंगन यांनी पुढे स्वतःच ४ टक्क्यांचा आकडा वर नेला, असं मला ऐकवणारेही असतात. नेला, पण हिशेब ३० वर्षांचाच ठेवून.

मला खरी धास्ती आहे ती वाईट वर्षांच्या क्रमाची. समजा पुंजी १०० आहे आणि दर वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही ५ काढता. बाजार पहिल्या वर्षी २० टक्के पडला, दुसऱ्या वर्षी १० टक्के चढला आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के चढला. तीन वर्षांनी हातात साधारण ९१ उरतात. हीच वर्षं उलट्या क्रमाने आली, आधी २५ची चढण आणि शेवटी २०ची पडझड, तर ९६ उरतात. काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे ११०च झाले असते. म्हणजे सरासरी परतावा सारखा असूनही फरक पडतो, कारण पडत्या बाजारात तुम्ही घरखर्चासाठी विकत होता. जे विकलं ते नंतरच्या तेजीत वाढायला उरतच नाही. म्हणून पहिली पाच-सात वर्षं सगळ्यात नाजूक. तेवढ्यासाठी दोन-तीन वर्षांचा खर्च शेअरबाहेर, सहज मोडता येईल अशा जागी ठेवावा लागतो. तुमचा असा आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही.

आणि २५ पट कोणत्या खर्चाच्या? बहुतेक जण चालू महिन्याला बाराने गुणतात. त्यात छताची गळती, दातांचं काम, आईवडिलांचं आजारपण कुठेच नसतं. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट आणि २४ वर्षांत चौपट होतो. एक वर्ष पगार बाजूला टाकून ठरवलेल्या रकमेतच घर चालवून दाखवा. मग ते आकडे घेऊन फक्त फी घेणाऱ्या, कमिशन न घेणाऱ्या सल्लागाराकडे जा.

प्रश्न: आरोग्यविमा कंपनीचाच आहे. नोकरी सोडल्यावर स्वतःचा घेतला तर चालेल ना?

नाही चालणार. बहुतेक पॉलिसींत जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा खर्च मिळत नाही, आणि मधुमेह, रक्तदाब कागदावर आला की अटी वाढतात. नोकरी चालू असतानाच घ्या. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. त्यातल्या काहींना पुढच्या वर्षी पॉलिसीच मिळाली नाही. अर्जात आजार लपवू नका आणि सही करण्याआधी अटी जाणकाराकडून वाचून घ्या.

प्रश्न: एजंट म्हणतो, सगळी रक्कम 'हमी उत्पन्न' योजनेत टाका, आयुष्यभर ६ टक्के. ठीक आहे का?

मुद्दल परत मिळतं का, एवढंच त्याला विचारा. १०० भरून २५ वर्षं दर वर्षअखेरीस ६ मिळाले आणि मुद्दल गेलं, तर खरा परतावा ३.४ टक्केच पडतो, कारण त्या सहामध्ये तुमचेच पैसे तुम्हाला परत येत असतात. शिवाय ते सहा वीस वर्षांनीही सहाच. अशा योजनेला थोडी जागा असू शकते, सगळ्या पुंजीला नाही. आणि 'आज शेवटचा दिवस' म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

प्रश्न: ५२व्या वर्षी निवृत्त होऊन आठ महिने झाले. सुरुवात मजेत गेली, आता दिवस सरत नाही. घरात कुरबुरी होतात. पैशाची चिंता नाही. निर्णय चुकला का?

चुकला असंच नाही. रॉबर्ट ॲचली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने निवृत्तीचे टप्पे मांडले. त्यात मधुचंद्रासारख्या काळानंतर भ्रमनिरास येतो आणि मग नवी घडी बसते. सगळे याच क्रमाने जातात असं नाही, पण तुमचं वर्णन जुळतंय.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ निवृत्तीनंतर पंधरा दिवसांत स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून मोकळे झाले. त्यांच्या पत्नीने एका दुपारी सगळ्या सोलून काढल्या. 'ऑफिसात माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती हो,' असं ते मला सांगत होते, आणि मला त्यात तक्रारीपेक्षा पोरकेपण जास्त ऐकू आलं. आठवड्यातून निदान दोन दिवस बाहेर कुणीतरी तुमची वाट पाहत असेल असं काम धरा, पगाराचं असो वा बिनपगाराचं. घरात कोणाची वेळ कोणती हे दोघांनी बसून ठरवा. झोप, भूक बिघडून दोन आठवडे झाले असतील तर मात्र माझा सल्ला पुरे, डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: मन रमलं नाही तर परत नोकरी मिळेल का?

मिळेल, पण तेच पद आणि तोच पगार धरून चालू नका. राजीनाम्याआधी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का, ते कार्यालयात विचारून या.