मे महिन्यात अर्थिंगला पाणी घाला

भाऊ, विजेची गाडी आत्ता घ्यावी का, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घर गुहागरात, रोजची फेरी शृंगारतळीपर्यंत, अधूनमधून चिपळूण, आणि मुंबईचा मुलगा म्हणतो, "चार वर्षं थांबा, कंपन्या पेट्रोल बंदच करणार आहेत."

कंपन्यांच्या तारखा बघून आपला मुहूर्त काढू नये. व्होल्वोने 2021 मध्ये सांगितलं, 2030 पासून फक्त विजेच्या गाड्या. 2024 मध्ये तेच म्हणाले, थोड्या हायब्रिडही ठेवू. गाडी आपल्या फेऱ्या बघून घ्यायची, आणि तुमच्या फेऱ्यांना विजेची आत्ताच पुरते.

माझी 24 युनिटांच्या बॅटरीची छोटी गाडी आहे, दापोली तालुक्यात तीन वर्षं चालवतोय. रेंजने कधी दगा दिला नाही. दिला तो घरच्या अर्थिंगने, म्हणजे जमिनीत पुरलेल्या सुरक्षेच्या वायरने. पहिल्याच मे महिन्यात रात्री प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा. मी गाडीला शिव्या घातल्या, शोरूमला फोन केले. शेवटी गावच्या वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि म्हणाला, "आता लावा." हिरवा दिवा! आपला जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो, मग जमीन वीज घेत नाही. फ्रिज, पंखे तरीही चालतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि ते बरंच आहे. आता माझा खड्डा माडाच्या आळ्याशेजारी आहे. माडाला शिंपणं होतं तेव्हा तोही भिजतो.

घाटाची धास्ती सोडा. माणसांसकट दीड टनाची गाडी कुंभार्लीत 600 मीटर वर न्यायला नेहमीच्या खर्चावर साधारण अडीच युनिटं जास्त लागतात. उतरताना मोटरच वीज बनवते, त्यामुळे त्यातली बरीचशी परत मिळतात. फक्त वर कोयनानगरला मुक्काम केलात तर बॅटरी शंभर टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

"प्रदूषण शून्य" या जाहिरातीचं म्हणाल तर, पोफळीचं पाण्यावरचं वीजघर आपल्या उशाशी असलं तरी प्लगमधून येते ती सगळ्या देशाची मिसळलेली वीज, जास्त करून कोळशाची. युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. माझी गाडी युनिटला सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला 100 ग्रॅम. चार्जिंगची गळती धरून 115 म्हणा. सोळाचं ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी 145 च्या आसपास सोडते. फरक आहे, पण शून्य कुठे? कौलांवर सोलर बसवलंत तर आकडा खरंच खाली येईल. 3 किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे. पावसाळ्यात उत्पादन पडतं, ते धरून चाला.

वादळाचंही विचारलंत. 3 जून 2020 च्या निसर्गनंतर आमच्याकडे दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा ही गाडी असती तर अंगणात उभीच राहिली असती, हे कबूल. म्हणून जुनी स्कूटर मी अजून विकलेली नाही.

15 अँपिअरचा पॉइंट आणि वेगळी जाड वायर गाडी येण्याआधीच करून घ्या. आणि वायरमनला मेमध्ये बोलवा. पावसात कुठलीही अर्थिंग पास होते.