रात्रीच पितात ना, मग कंपनीला काय त्रास?

हा प्रश्न मला जळगावात इतक्या बायकांनी विचारलाय की मोजणं सोडून दिलं. यातली ताई आली तीच तावातावाने, "रातलेच पेतस ना, कामवर नही, मग नोटीस कसली?" नवरा एमायडीसीत चटईच्या कारखान्यात ऑपरेटर, सकाळी सातची शिफ्ट.

मी विचारलं किती घेतात, तर दोन क्वार्टर, अकरापर्यंत. आता हिशोब बघा, 180 मिलीची एक क्वार्टर शरीरातून जायला साधारण आठ-नऊ तास लागतात, माणसागणिक थोडं कमीजास्त, म्हणजे सातला मशीनवर उभा राहणारा माणूस अर्धा प्यालेलाच असतो, वास येवो न येवो. वर सकाळी हात थरथरतात म्हणे, आणि एक घोट मारला की थांबतात! ताईला ती ॲसिडिटी वाटायची. हे तर शरीर दारू मागतंय.

पण खरी गोष्ट पुढेच निघाली. दर सोमवारी सुपरवायझरला फोन हीच करायची, कधी मलेरिया, कधी गावाकडे मयत. तिकडे हेल्पर पोरगा त्याचं काम ओढायचा, एकदा त्याचाच हात रोलरमध्ये जाता जाता वाचला. सगळे सांभाळून घेत होते म्हणून त्या माणसाला काही बिघडलंय असं वाटतच नव्हतं.

मी म्हटलं, हे खोटे फोन करणं बंद करा. आणि हो, उद्यापासून एकदम सोडा असंही सांगू नका, रोज एवढी पिणाऱ्याने अचानक थांबवली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच. (सासूबाईंनी दारू सुटावी म्हणून वरणात गुपचूप कालवायची पावडर आणली होती, ती आधी फेकायला लावली. त्यातलं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी कोसळतं.)

पुढच्या सोमवारी सुपरवायझरचाच फोन आला. ताईने खरं सांगून टाकलं. नवरा चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी चेहरा पाडून माझ्यासमोर बसला. मग ॲडमिट, गोळ्या, नंतर एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस गटाच्या, मीटिंगा.

पोळ्याला एकदा घसरले. दुसऱ्या दिवशी कंपनीत फोन त्यांनी स्वतः केला, कारण न बनवता. पगार कापला गेला, ताई म्हणे, कापू दे.