डक्टेबल एसीच्या ट्रेला ड्रेन लाइन काढताना

अरे भाऊ, फॉल्स सीलिंगवरच्या डक्टेबल एसीखाली (मशीन छतात, थंड हवा डक्टमधून खोल्यांत) गळकं पाणी झेलायला जादा ट्रे ठेवलास, बरं केलंस. पण त्याला निचरा नसेल तर ते नुसतं छतावर ठेवलेलं घमेलं.

ट्रेच्या बाजूला, तळालगत भोक पाड अन् टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) बसव, रबरी वॉशर लावून. ट्रे प्लास्टिकचा असेल तर पान्याने जोर करू नको. हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस. पुढे २५ मिमी पीव्हीसी पाइप, मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार. क्लॅम्प जवळजवळ मार, नाहीतर पाइपला पोट येतं अन् तिथेच गाळ बसतो.

माझी चूक सांगतो. पाइप वाचवायला मी ही लाइन टी (तीन तोंडांचा जोड) टाकून मुख्य ड्रेनला, म्हणजे एसीच्या स्वतःच्या पाण्याच्या लाइनला, जोडली होती. मुख्य लाइन शेवाळाने तुंबली, पाणी उलटं ट्रेत आलं अन् नागपुरातल्या धरमपेठेतल्या गिऱ्हाइकाचं छताचं पीओपी थेट सोफ्यावर! दोन्ही लाइनी वेगळ्याच ठेव. ट्रेची लाइन खिडकीवर, डोळ्यांसमोर काढ. मुख्य लाइन तुंबून तिथे टपटप दिसली की घरमालक स्वतःच फोन करतो.

टेस्टसाठी ट्रेत बादलीने पाणी ओत. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी, की एसीतून पाणी जेमतेम निघतं, सगळं ठीकच वाटतं. खरं पाणी जुलैच्या दमटात सुटतं.

अन् जमलं तर फ्लोट स्विच लाव. पाणी चढलं की मशीन बंद.