एन्कोडिंग, एन्क्रिप्शन, हॅशिंग : तिन्हीला 'सांकेतीकरण' म्हणायचं का?

प्रश्न असा आहे की अकरावीच्या आयटीच्या नोट्समधे एन्कोडिंगलाही 'सांकेतीकरण' लिहिलंय आणि एन्क्रिप्शनलाही तेच, मग दोन्ही एकच का, आणि हॅशिंगला काय म्हणायचं.

एकच नाहीत, आणि एकच शब्द वापरूही नये असं माझं ठाम मत आहे, कारण मुलं नेमकी इथंच अडकतात. मूळ मजकूर परत मिळवायला गुप्त किल्ली लागते का, एवढं बघायचं. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक) किंवा बेस सिक्स्टीफोर (कुठलीही माहिती ६४ साध्या चिन्हांत लिहायची रीत) हे एन्कोडिंग, नियम जगजाहीर आहेत, कोणीही उलटं करून वाचू शकतं, लपवलेलं काहीच नाही. याला 'संकेतन' म्हणा. 'सांकेतिक' म्हटलं की आपल्याला लगेच हेरगिरी आठवते आणि मग मुलं बेस सिक्स्टीफोरमधे पासवर्ड ठेवून निर्धास्त होतात.

एन्क्रिप्शनला 'कूटबद्ध करणं' मला सगळ्यात बरं वाटतं. समजा प्रत्येक व्यंजन तीन घरं पुढे सरकवायचं ठरलं, तर 'कमल'चं 'घलष' होतं. इथे 'सरकवणं' ही पद्धत आणि 'तीन' ही किल्ली. हे रोमन सेनानी सीझरचं जुनं तंत्र, पण क ते ळ ३४ व्यंजनं धरली तर किल्ल्या जेमतेम ३३, दुपारभरात सगळ्या लावून बघता येतील. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एईएस या कूटपद्धतीत सगळ्यात छोटी किल्लीसुद्धा १२८ बिटची (बिट म्हणजे ० किंवा १) असते, म्हणजे शक्यता २ चा १२८ वा घात, ३९ आकडी संख्या, आणि पद्धत मात्र पूर्ण उघड छापलेली. ऑगस्ट केर्कहॉफ्स या कूटशास्त्राच्या अभ्यासकाने १८८३ मधेच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली.

आणि कूटबद्ध करण्याचं आपल्या घरचं उदाहरण आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा गुप्त लिप्यांत उतरवून ठेवल्या, ठरलेल्या अक्षराजागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह. शतकानुशतकं बाहेरच्या कोणाला त्या वाचता येत नव्हत्या, पण १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि एकदा तक्ता कळल्यावर त्या लिपीतली कुठलीही पोथी वाचता यायला लागली, कारण प्रत्येक पोथीला वेगळी किल्ली नव्हतीच, लिपी हीच किल्ली. (लीळाचरित्रासारखा ग्रंथ आज आपण वाचतो त्यामागे हे काम आहे, शाळेत सांगायलाच हवं असं मला वाटतं.)

हॅशिंग तिसरंच. त्यात मजकुरावरून ठरावीक लांबीचा एक ठसा काढतात, तोच हॅश. एसएचए-२५६ या हॅश काढायच्या पद्धतीला एक ओळ द्या किंवा अख्खं पुस्तक द्या, उत्तर २५६ बिटचंच येतं आणि त्यावरून मूळ मजकूर परत काढायची सोयच नाही. म्हणून 'हॅश डिक्रिप्ट केला' (म्हणजे कूट उलगडून मूळ मजकूर काढला) हा प्रयोग चूक आहे, फार तर 'अंदाज करून जुळवला' म्हणा. मराठीत मी सरळ 'हॅश'च लिहितो, ओढूनताणून शब्द नको.

'पब्लिक की'बद्दलही विचारलंय, म्हणजे किल्ल्यांच्या जोडीतली सगळ्यांना उघड देता येते ती; दुसरी, खाजगी, आपल्यापाशीच ठेवायची. 'सार्वजनिक किल्ली' हे भाषांतर बरोबरच आहे पण शिकवताना त्रास देतं, कारण मजकूर पाठवताना ती वागते कुलपासारखी, उघडं कुलूप कोणालाही वाटा, दाबून कोणीही बंद करेल, उघडणार मात्र खाजगी किल्लीवाला. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मधे ही कल्पना मांडली त्याआधी दोघांनी किल्ली आधीच गुपचूप ठरवून घ्यावी लागायची.

शेवटचा मुद्दा 'सुरक्षित साइट'चा. वेबपत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (https) दिसलं की तुमच्यापासून त्या पत्त्यापर्यंतची वाट कूटबद्ध आहे एवढंच कळतं, पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की ठग ते नाही, तेव्हा 'सुरक्षित जोडणी' लिहा, 'सुरक्षित साइट' लिहू नका.